एक्केचाळीस टक्क्यांवर आर्वी ते सेवाग्राम

मुलीकडे पाहुणा म्हणून जाताना लोक लाडू, चिवडा, नातीला फ्रॉक असं काहीबाही घेऊन जातात. मीही ते घेतलं, पण बॅगेच्या तळाशी दहापासून चोवीसपर्यंतचे पाने, एक टेस्टर आणि माझा लांब स्क्रू ड्रायव्हर फडक्यात गुंडाळून ठेवला. बॅग उचलल्याबरोबर बायकोने ओळखलं. "जावयाच्या घरी निघालाय का ब्रेकडाउनला?" असं तिने विचारलं, आणि खरं सांगायचं तर ते माझं मलाही नक्की माहीत नव्हतं.

मी कऱ्हाडला एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली, शेवटची अकरा हेड मेकॅनिक म्हणून. थोरली मुलगी अश्विनी फिजिओथेरपिस्ट आहे, सेवाग्रामला दवाखान्यात नोकरी करते. सासर आर्वीचं. घर ते नोकरी साठ-पासष्ट किलोमीटर. लग्नानंतर तीन-चार वर्षं ती आठवडाभर सेवाग्रामला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी बसने आर्वीला जायची. ईरा झाली, वर्षाची झाली, आणि हिला रविवारचीच आई म्हणून ओळखायला लागली. मग अश्विनीने आणि जावई प्रफुल यांनी मिळून विजेवर चालणारी गाडी घेतली. पेट्रोलची घेतली असती तर अर्धा पगार पंपावरच ओतावा लागला असता. तेव्हापासून ती रोज घरी जाते. नात आता साडेचार वर्षांची आहे.

मला ती गाडी पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. फोटो बघून मी "खेळणं बरं आहे" म्हणालो होतो, आणि त्यावर अश्विनी पंधरा दिवस फोनवर माझ्याशी नेमकं कामापुरतं बोलली. त्यात मे महिन्यात गाडी वाटेत थांबली. मग सप्टेंबरच्या शेवटी माझे व्याही भाऊरावजी यांचा फोन आला. तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते म्हणाले, "इवाईबुवा, तुम्ही या क्षेत्रातले मानूस. एकदा येऊन गाडी पाहून जा. तुम्ही म्हनान तसं करू. विका म्हनान तं विकू." गाडी विकली तर पोरगी परत खोलीवर जाणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. पण पोरगी संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यावर अडकण्यापेक्षा ते बरं, असं आम्हा दोघांचंही मत होतं. म्हणजे निकाल मनात लिहूनच मी निघालो होतो, तपासणी तेवढी राहिली होती.

वर्धा स्टेशन

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी गाडी कऱ्हाडला थांबते आणि न बदलता वर्ध्याला सोडते. वाटेतलं काही सांगण्यासारखं नाही. स्टेशनबाहेर अश्विनी आली होती. रविवार होता. तिने आधी मला तर्री-पोहे खायला नेलं. पोह्यांवर लाल रश्शाचा तवंग ओततात हे आमच्याकडच्या माणसाला आधी जरा अन्याय वाटतो, दुसऱ्या घासाला पटतं आणि शेवटी आपणच रस्सा मागून घेतो. मीही घेतला.

मग गाडी. मी बॉनेट उघडायला लावलं. आत एक चंदेरी पेटी, दोन-तीन टाक्या आणि जाड नारिंगी वायरी, आणि हात लावू नका अशा खुणा. लोकांच्या देखत स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून मी ऐकायला वाकलो. आमच्या धंद्यात असंच करतात, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला, की आतलं बेअरिंग बोलायला लागतं. इथे काहीच बोलेना. अश्विनी म्हणाली, "अण्णा, सुरू आहे ती." मला खरंच तोंडात मारल्यासारखं झालं. चौतीस वर्षं ज्या कानावर भाकरी खाल्ली, त्या कानाला या गाडीने विचारलंसुद्धा नाही.

आर्वीचा रस्ता आंजीवरून, खरांगण्यावरून जातो. आमच्याकडे रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो, इकडे तो कपाशीतून सरळ निघतो आणि मग सागाच्या रानात शिरून थोडा वरखाली होतो. बोंडं फुटायला लागली होती. सोयाबीन काढून शेतात ढीग घातले होते, प्रत्येक ढिगाशेजारी निळी ताडपत्री घडी घालून तयार. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो म्हणून, असं अश्विनीने सांगितलं. बोलताना ती मधेच "काऊन?" म्हणाली. मी चिडवलं, तर म्हणाली, "इथे 'का' म्हटलं की लोकांना मी भांडायला आले असं वाटतं."

आर्वी

व्याह्यांचं घर गावाच्या कडेला आहे, समोर अंगण, बाजूला पोर्च, पोर्चच्या भिंतीवर गाडीच्या चार्जिंगचा डबा आणि त्याच्या वरती वेगळा खटका. प्रफुलरावांनी मला सगळं दाखवलं. जमिनीत अर्थिंग पक्कं पुरलेलं, विजेपासून बचावाचं वेगळं यंत्र बसवलेलं. ते ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, त्यामुळे काम नीटनेटकं होतं. मला नावं ठेवायला जागा मिळाली नाही, याचंही थोडं वाईट वाटलं.

विहीणबाई, शांताबाई, फार बोलत नाहीत. भाकरी वाढताना "घ्या जी" आणि संपली की "आनखी घ्या", एवढ्यात त्यांचं संभाषण पूर्ण होतं. त्यांच्या हातच्या पाटवड्यांचा रस्सा मी तीनदा घेतला. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, त्यामुळे "सांबार टाकू का" असं त्यांनी विचारल्यावर मी वाटी पुढे केली आणि त्यात चिमूटभर हिरवं पडलं. ईरा तेव्हा इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अश्विनी सातला गेली आणि मी भाऊरावजींबरोबर त्यांच्या संत्र्याच्या बागेत गेलो. तिथे बांधावर बसून त्यांनी मे महिन्याची हकिकत सांगितली. शेहेचाळीस डिग्री ऊन, अश्विनी दवाखान्याच्या कामाला वर्ध्यात दिवसभर फिरली, एसी सुरू, आणि परतताना आंजीच्या पुढे गाडीत जेमतेम सहा टक्के उरले. फोन आला तेव्हा भाऊरावजी जेवत होते. ताट तसंच सोडून ते मोटारसायकलवर निघाले. "इवाईबुवा, मले वाटेत रोही आडवी गेली. म्या म्हटलं, पोरगी तिथं एकटी हाय. म्या गाडी हळूबी केली नाई," असं ते म्हणाले. रोही म्हणजे नीलगाय. माणूस सहा फुटी, मिशीवाला, आणि सुनेबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा झाला की मी संत्र्याच्या झाडाकडे बघत बसलो. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या बांधावर दुप्पट झाला आणि गाडीबद्दलचं मत आणखी पक्कं झालं.

संध्याकाळी सव्वासहाला अश्विनी आली. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे ती आलेली कळते ती ईराच्या ओरडण्यावरून. पोर धावत जाऊन दार उघडते, समोरच्या पडद्यावरचा आकडा वाचते आणि तो घरभर सांगत सुटते. अंक ती पुस्तकावर शिकलेली नाही, आईच्या गाडीवर शिकली. त्या दिवशी आकडा होता एक्केचाळीस. सकाळी शंभर असतो. अश्विनीने चार्जिंगची गन लावली आणि ईराला घेऊन न्हाणीघरात गेली.

अर्ध्या तासात आभाळ भरून आलं. भाऊरावजी आणि प्रफुलराव सोयाबीन झाकायला शेताकडे पळाले. पहिली वीज कडाडली आणि विहीणबाई उठल्या. "पिना काढा," एवढंच म्हणाल्या आणि घरभर फिरून त्यांनी एकेक पिन उपसायला सुरुवात केली. टीव्हीची, फ्रिजची, मोबाइलची, पिठाच्या घरगुती चक्कीची. आर्वीत आभाळ गरजलं की घरोघरी हे होतं म्हणे. दरवर्षी कुणाकुणाचे टीव्ही जळतात. मी रिकामा बसलो होतो, आणि वर्कशॉपात वादळ आलं की मेन पाडायचा, ही माझीही सवय. मदतीला म्हणून मी पोर्चमध्ये गेलो आणि चार्जिंगच्या डब्यावरचा खटका खाली ओढला. बचावाचं यंत्र, अर्थिंग, प्रफुलरावांनी काल दाखवलेलं सगळं मला माहीत होतं. पण हाताला माहीत नव्हतं. डब्यावरचा हिरवा दिवा विझला.

पाऊस तासाभराने थांबला. विहीणबाईंनी ज्या पिना काढल्या होत्या त्या त्यांनी परत लावल्या. माझा खटका मी वर केला नाही. शेतावरून दोघं चिंब होऊन आले, सोयाबीन वाचल्याच्या आनंदात भजी झाली, आणि मी पार विसरून गेलो.

सकाळ

सकाळी पावणेसातला अश्विनी पोर्चमध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. मी चहाचा कप घेऊन मागे गेलो. ती खटक्याकडे बघत उभी होती. मला तेव्हा एकदम आठवलं. गाडीच्या पडद्यावर एक्केचाळीसच होते.

तेवढ्यात भाऊरावजी आले. त्यांनी खटका खाली असलेला बघितला आणि कपाळावर हात मारला. "विजेनं ट्रिप झाला असन. पाहा इवाईबुवा, हे असं हाय. घरी लावूनबी भरोसा नाई." अश्विनीने खटका वर केला. हिरवा दिवा लागला, पण आता काय उपयोग.

मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मुलीच्या सासरी, व्याह्यांच्या पोर्चमध्ये, ज्याला जाणकार म्हणून सहाशे-सातशे किलोमीटरवरून बोलावून आणलं त्यानेच खटका पाडला, हे तोंडातून निघेना. आणि दुसरं कारण याहून वाईट होतं. भाऊरावजी जे म्हणाले ते माझ्याच मनासारखं होतं. गाडी बेभरवशाची ठरत होती आणि मला ती तशी ठरायलाच हवी होती. मी "हं" म्हणालो. या एका अक्षराची मला अजून लाज वाटते.

"बसनं जा आज," भाऊरावजी म्हणाले. अश्विनीने घड्याळ बघितलं. नऊला तिचे पेशंट येऊन बसतात, त्यातले काही लांबून येतात. बस गाठून ते होणार नव्हतं. ती म्हणाली, "एक्केचाळीसमध्ये जाते, मामाजी. येतायेता वर्ध्याला चार्ज करू. अण्णा, तुम्ही चला बरोबर. तुम्हाला गाडी बघायची होती ना, आज नीट दिसेल."

रस्ता

गावाबाहेर एका फाट्यावर शिलाताई मडावी उभ्या होत्या. त्या त्याच दवाखान्यात मदतनीस आहेत, रोज अश्विनीबरोबरच जातात-येतात. मागे बसल्याबरोबर त्यांनी पुढे वाकून आकडा बघितला. "आज कमी हाय व, मॅडम." मग फोनवर आईशी आपल्या भाषेत काही बोलल्या. गोंडी असावी. मला त्यातला "चार्जिंग" एवढाच शब्द समजला.

पुढचा दीड तास मी आयुष्यभर विसरणार नाही. एसी बंद, काचा खाली, वेग पंचेचाळीसच्या आसपास. अश्विनी ब्रेकला पाय लावतच नव्हती. लांबवर बैलगाडी दिसली की ती पाय सोडायची, गाडी आपली आपण हळू व्हायची आणि पडद्यावर हिरवी रेघ यायची. म्हणजे उतारावर आणि वेग कमी होताना गाडी थोडी वीज परत साठवते. खरांगण्याच्या अलीकडच्या उतारावर आकडा एका टक्क्याने वर गेला, तेव्हा मी जवळजवळ टाळी वाजवली. आमच्याकडे एक जुना ड्रायव्हर होता, त्याच्या गाडीचे ब्रेक लायनर दुसऱ्यांच्या दुप्पट टिकायचे. तो म्हणायचा, समोर बघायचं असतं, पायाकडे नाही. मी पोरीच्या पायाकडे बघितलं आणि तो माणूस आठवला. हे तिला कुणी शिकवलं असेल? मी तर नाही. मी तिला सायकल शिकवली, तीही ओरडून.

शिलाताईंकडे टक्क्यांचा आपला हिशोब आहे. खरांगण्याला किती असले म्हणजे बरं, आंजीला किती असले म्हणजे गाणी लावायची. म्हशी आडव्या आल्या तर गाडीचा आवाज येत नसल्याने त्या हलत नाहीत. मग शिलाताई काचेतून डोकं काढून "ए माय, सरक नं बाई" असं म्हणतात आणि म्हशी खरोखर सरकतात. हॉर्नला त्या मानत नाहीत.

मे महिन्याची गोष्ट मी त्यांना विचारली. त्या हसायलाच लागल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती आपत्ती नव्हतीच. आंजीजवळ एका पिठाच्या गिरणीवर त्यांनी गाडी लावली, गिरणीवाल्या बाईने वायर दिली, सावलीत बाज टाकली, आमरस खायला घातला. भाऊरावजी पोचले तेव्हा या दोघी बाजेवर आडव्या पडून गप्पा मारत होत्या. मग त्या एकदम गंभीर झाल्या. "पन काका, आमी दोघीबी खोलीवर राह्यत होतो तवा मॅडम संध्याकायी माह्याकडं येऊन बसत. पोरीचे फोटो पाहत बसत. काही बोलत नसत. आता तसं नाई करत." अश्विनी पुढे बघून गाडी चालवत होती. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या वाक्यानंतर मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा अश्विनीने विचारलं, "अण्णा, काही म्हणायचंय का?" मी म्हणालो, "डाव्या मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटते." ती म्हणाली, "बघते." हवा ठीक होती.

सेवाग्रामला पोचलो तेव्हा तेरा टक्के उरले होते आणि नऊला दहा मिनिटं होती.

वर्धा, चार्जिंग

दुपारी तिने गाडी चार्ज करून आणायला मला किल्ली दिली. किल्ली म्हणजे काय, साबणाच्या वडीसारखी एक वस्तू. सेवाग्रामहून वर्धा आठ किलोमीटर, आणि तेरा टक्के. मी जन्मात एवढ्या सावधपणे गाडी चालवली नाही. क्लचसाठी डावा पाय सारखा हवेत मारत होतो. पण एक सांगतो, त्या शांततेत रस्त्यावरचं सगळं ऐकू येतं. रिक्षावाल्यांचं बोलणं, कुणाच्या सायकलची घंटी, झाडांवरची कावळ्यांची भांडणं. मी एवढी वर्षं गाड्यांमध्ये घालवली आणि रस्त्याचा आवाज पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला.

चार्जिंगच्या जागी दोन यंत्रं होती. एक बंद, दुसऱ्यासमोर पांढरी गाडी, आणि तिच्यामागे नंबरात हिंगणघाटचे वानखडे सर. निवृत्त मुख्याध्यापक. घडीची खुर्ची टाकून डबा खात बसले होते. त्यांनी मला इथले रिवाज समजावून सांगितले. ऐंशी टक्के झाले की गन काढायची, पुढचे वीस फार सावकाश भरतात आणि मागचा माणूस ताटकळतो. जेवायला जाताना काचेवर फोन नंबर लावून जायचं. बाईमाणूस लांबचं असेल तर आधी. यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. आमच्याकडे पंपावर रांग तोडली तर हाणामारी होते, इथे यंत्र एकच असल्यामुळे माणसांना आपोआप शहाणपण आलं असावं.

मी कुठून आलो, कुठे जायचं हे ऐकल्यावर ते उठले आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "तुम्हाले आर्वी गाठाची हाय, पोरगी न्याची हाय. मले काय, हिंगणघाट इथं हाय. तुम्ही लावा आधी." मी नको म्हणालो, तर पांढरी गाडी निघाल्यावर त्यांनी माझ्या फोनवर लागणारं ते सगळं स्वतःच करून दिलं आणि गनसुद्धा स्वतः लावली. पाऊण तास आम्ही बोलत बसलो. त्यांनी गाडीचे तोटेही सांगितले, लपवालपवी नाही. उन्हाळ्यात गाडी सावलीत ठेवावी लागते, लांबच्या लग्नाला जायचं तर आदल्या दिवशी नकाशा घेऊन बसावं लागतं, आणि घरी पक्की सोय नसेल तर घेऊच नये. "गाडीले दोष नसते जी," ते म्हणाले. "तिले फक्त रोज संध्याकायी कोनीतरी लावून ठेवाव लागते."

त्यांना काही माहीत नव्हतं. ते सहज बोलले.

आकडा चढताना बघत मी ठरवलं की आज सांगायचं. अश्विनीला गाडीत एकटीला नाही, सगळ्यांसमोर. ज्या पोर्चमध्ये "हं" म्हणालो होतो, त्याच घरात.

आर्वी, संध्याकाळ

साडेसहाला पोचलो. ईराने आकडा वाचला, घरभर सांगितला. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, विहीणबाई उंबऱ्यावर बसून शेंगा निवडत होत्या. चहा झाला आणि भाऊरावजींनी विचारलं, "मंग इवाईबुवा, काय वाटते तुम्हाले? ठेवाव का विकाव?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अश्विनी बघत नव्हती. तिने ईराची वेणी सोडवायला घेतली होती.

मी म्हणालो, "काल खटका ट्रिप झाला नव्हता. वीज कडाडली तेव्हा मी पाडला आणि वर करायला विसरलो. सकाळी कळलं, तरी गप्प बसलो. गाडीत काही दोष नाही. दोष माझ्यात आहे."

भाऊरावजी मिशीवरून हात फिरवत राहिले. शेवटी ते अश्विनीला म्हणाले, "तुले माहीत होतं का व?"

"माहीत होतं, मामाजी," ती म्हणाली. वेणी सोडवणं थांबलं नव्हतं. "तो खटका ट्रिप झाला की मधेच अडकतो. सकाळी पार खाली होता, म्हणजे हाताने पाडलेला. आणि तुम्ही दोघं शेतात होतात."

मी हेड मेकॅनिक. हे मला सकाळीच कळायला हवं होतं. "मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मी बोलले असते तर माझी बाजू झाली असती. तुम्ही बोललात तर निकाल झाला." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुम्ही बोलाल असं वाटत होतं. फक्त दिवसभर लागेल असं नव्हतं वाटलं."

माझे डोळे भरून आले. ते मी लपवलं नाही, लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. प्रफुलराव उठून माझ्या शेजारी येऊन बसले. भाऊरावजी मात्र अजून विचारात होते. ते म्हणाले, चूक कुणाची का असेना, विजा तर दरवर्षी होणार, पिना तर काढाव्याच लागणार, आज इवाईंनी काढली, उद्या घरातलं दुसरं कुणी काढेल, मग पुन्हा पोरगी रस्त्यावर. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

तेव्हा उंबऱ्यावरून विहीणबाई बोलल्या. शेंगांवरची नजर त्यांनी उचलली नाही.

"तीन पावसाळे झाले, म्या साऱ्या पिना काढतो. टीव्हीची काढतो, फ्रिजची काढतो, तुमच्या मोबाइलची काढतो. गाडीची थे एक कधी काढली नाई. जळली तं जळो म्हटलं. थे पोरीले घरी आनते."

त्यानंतर गाडी विकायची गोष्ट त्या घरात कुणी काढली नाही, निदान मी परत येईपर्यंत तरी.